पंधरावी ओळ

फहमीदा आपा गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी पावणेअकराच्या सुमारास, उदगीरला भावाच्या घरी वारल्या. ज्या दैनिकात त्यांनी एकोणीस वर्षं काम केलं, त्यात शनिवारी पान सहावर चार ओळींची बातमी आली. बातमीत वय चौसष्ट छापलं होतं. ते बासष्ट होतं. पद 'ज्येष्ठ स्तंभलेखिका' असं दिलं होतं. आमच्याकडे असं पद नव्हतं. आपा संगणकावर पान लावत. दुरुस्ती अजून छापून आलेली नाही.

दैनिक नांदेडला छापलं जाई. लातूरचं कार्यालय म्हणजे गंजगोलाईच्या मागे, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तालुक्यांचं एक पान इथे तयार होई आणि सव्वाआठला नांदेडला जाई. मी तिथे उपसंपादक होतो. आपा दाराजवळच्या टेबलावर बसत. डाव्या हाताला टेलिफोन, उजव्या हाताला बडीशेपेची डबी, आणि हात थांबले की कळफलकावर पसरलेला पांढरा रुमाल. टेलिफोन त्यांच्या टेबलावर असण्याचं कारण एवढंच, की कार्यालयात एका जागी बसून राहणारं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

समोरच्या भिंतीला फायलींचं कपाट होतं आणि कपाटावर दूरदर्शन संच. तो बातम्यांसाठी ठेवला होता. संध्याकाळी सातला त्यावर मालिका लागे, ती कुणी बंद करत नसे. आपा पडद्याकडे बघत टंकलेखन करत. कळफलकाकडे त्यांनी कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. मराठी टंकलेखनाची परीक्षा त्यांनी उदगीरला दिली होती, लोखंडी यंत्रावर, आणि संगणकाच्या कळाही त्या त्याच जोराने दाबत. एका वर्षात दोन कळफलक बदलावे लागले.

भारनियमनाची ती वर्षं. लातूर शहरात वीज जाई, पण वेळ ठरलेली नसे. जळकोटकडे ठरलेली असे. सातला जाई, दहाला येई.

एका संध्याकाळी साडेसातच्या पुढे फोन वाजला. जळकोट तालुक्यातल्या एका अंगणवाडीच्या बाई होत्या.

"पेपरवाले का?"

"हाव, बोला."

"सगळ्या दुनियेचं छापता. नंदाचं काय झालं ते का छापीत न्हाई? आज पहिला भाग होता. आमच्याकडं लाईट न्हाई."

आपांनी त्या अर्ध्या तासात बाजारभाव लावले होते आणि पहिला भागही पाहिला होता. त्यांनी सांगितलं, "नंदा घरातून निघाली. हातात एक पिशवी. सासू दारात उभी होती, बोलली न्हाई. नंदा पण बोलली न्हाई. संपलं."

"कुणीच काही बोललं न्हाई?"

"न्हाई."

"मग सिरियलला तसलं नाव कशाला ठिवलंय?"

"ते अजून यायचं असंल."

मालिकेचं नाव होतं 'दार लोटून घे'. घरातून बाहेर पडणारा माणूस आत राहणाऱ्याला जे सांगतो, ते. आमच्याकडे दिवसातून दहा वेळा ते कानावर पडतं. पहिल्या भागात नंदा ते न म्हणता गेली, आणि प्रेक्षकांना कळलं की हे वाक्य कुणीतरी कुणाला तरी म्हणेपर्यंत गोष्ट संपायची नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला, तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणींचे. आठवड्याने वृत्तसंपादक वैतागले. त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणत असू.

"आपा, ही काय पोस्टाची खिडकी आहे? काय झालं ते छापूनच टाका. फोन तरी थांबतील."

पानाच्या तळाला एका स्तंभात पंधरा ओळींची जागा मिळाली. मथळा 'काल संध्याकाळी'. पहिल्या दिवशी मजकूर चौदा ओळींचा झाला. एक ओळ रिकामी दिसत होती. आपांनी तिथे टाकलं: 'नाव: घेतलं नाही.'

साहेबांनी पान पाहिलं. "हे काय?"

"सिरियलचं नाव. कुणी तोंडानं घेतलं न्हाई अजून. एक ओळ कमी पडून राहिली होती."

"राहू द्या," साहेब म्हणाले.

ती ओळ पावणेचार वर्षं राहिली. फोन थांबले नाहीत. फक्त लहान झाले. लोक नंदाचं विचारीनासे झाले. "घेतलं का?" एवढंच विचारत.

मालिका आपलं नाव संवादात कधी घेते, यावर आपांचा अभ्यास होता. हा शब्द माझा आहे. त्यांना विचारलं तर त्या म्हणत, "बसल्या बसल्या कळतंय." पहिल्याच भागात नाव घेणाऱ्या मालिकेबद्दल त्यांना आदर नव्हता. "नव्या नवरीला कुणी म्हणायच्या आत उखाणा सुरू." 'ओळखीचं कुंकू' नावाची एक मालिका होती. तिच्यात खलनायकाने शालीवरचा डाग पाहून "अरे, हे तर ओळखीचं कुंकू!" असं म्हटलं, तेव्हा आपांनी बडीशेपेची डबी उघडली, मिटली आणि म्हणाल्या, "कुंकवाची ओळख याला कुठून आली?" 'सायलीचा मांडव' या मालिकेत चाळिसाव्या भागात अंगणात वेल लावला गेला. आपा म्हणाल्या, "झालं. आता रोज पाणी घालतील आन् रोज नाव घेतील." तसंच झालं. जी मालिका नाव राखून ठेवते तिच्याबद्दल त्या एकच शब्द वापरत. "हटून बसलीय." हे कौतुक होतं.

मालिका बघताना त्या हसत नसत, रडत नसत. शिकाऊ वार्ताहर मुलींपैकी एकीला एका प्रसंगात हुंदका आला, तेव्हा आपा पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "रडणं त्यांचं काम हाय बेटा. त्याचे पैसे त्यांना मिळतात. पाणी पी." त्यांच्या पंधरा ओळींत विशेषण नसे. एकदा साहेबांनी 'हृदयद्रावक' हा शब्द घातला. आपांनी तो काढला.

"का काढला?"

"साहेब, कुणाचं हृदय? मला दिसलं न्हाई."

दिसलं तेवढंच लिहायचं, हा त्यांचा नियम होता. वडील उदगीरला घड्याळं दुरुस्त करत. गिऱ्हाईक विचारी, काय बिघडलंय? ते म्हणत, उघडल्याशिवाय सांगत नाही. आपांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारल्यावर. लातुरात ज्या दिवशी सातला वीज जाई, त्या दिवशी स्तंभात एवढंच छापलं जाई: 'काल लातुरातही वीज नव्हती. भाग पाहिला नाही. नाव: माहीत नाही.' उरलेली जागा आपा रेल्वेच्या वेळांनी भरत. साहेबांना हे आवडत नसे. वाचकांची तक्रार नव्हती.

एक वाचक मात्र होता ज्याच्याकडे वीज सहसा जात नसे. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका गार्डच्या पत्नी. जंक्शनमुळे त्या वसाहतीचा पुरवठा वेगळा होता. त्या आठवड्यातून एकदा फोन करून आपांचे आठ दिवस तपासत. "बुधवारी पिशवी निळी होती. तुम्ही हिरवी लिहिलीत." आपा मागचा अंक काढून समासात 'निळी' लिहीत. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही.

मालिकेच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, पांढरी टोपी घातलेले साठीच्या आसपासचे एक गृहस्थ दोन जिने चढून आले. जळकोट तालुक्यातल्या एका गावचे शेतकरी, गणपतराव. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "ती 'काल संध्याकाळी' लिहिती ती बाई कोन?"

"मीच. बसा मामा."

"बसत न्हाई. एसटी हाय. मला यवढंच सांगा, त्या सासूनं परवा नाव घेतलं का न्हाई?"

"घेतलं न्हाई. लिहिलंय की."

"लिहिलंय ते वाचलं. माझा धाकटा म्हणून राहिला की पेपरवाले दडवून ठिवतेत. तवा म्हणलं तोंडावर विचारावं."

हळूहळू प्रकरण कळलं. गणपतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ माधव यांचं जमिनीची वाटणी झाल्यापासून बोलणं बंद होतं. शेतं लागून होती, मध्ये एक बांध. बोलणं बंद असलं तरी गावच्या पारावर, तिसऱ्याला सांगितल्यासारखं करून, पैज लागली होती. मालिका संपायच्या आत नाव घेतलं जाईल, असं धाकटा म्हणत होता. थोरले म्हणत होते, जायचं नाही. हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या शेतात एक दिवस तूर काढायची.

"आन् घेतलं तर?" आपांनी विचारलं.

"घेतलं तर काढीन की. पर तुम्ही लिहिलं तरच. त्याच्या तोंडचं चालायचं न्हाई."

पाणी पिऊन ते गेले. त्यानंतर पंधरा ओळी टाईप करताना आपा शेवटच्या ओळीपाशी थांबू लागल्या. आधी थांबत नसत.

चूक पुढच्या जानेवारीत झाली.

आपा त्या सोमवारी भाचीच्या साखरपुड्याला उदगीरला होत्या. साखरपुड्याच्या गल्लीत वीज नव्हती. पावणेसातला त्यांचा फोन आला, की मी बघू शकत नाही, तुम्ही बघा, नाहीतर नेहमीचं टाका. सातला लातूरचीही वीज गेली. इन्व्हर्टरवर तीन संगणक आणि दोन ट्यूब चालत. संच चालत नसे. आठला नांदेडच्या मुख्य कार्यालयाने वाहिनीकडून आलेलं त्या भागाचं सारांशपत्र पाठवलं. त्यात लिहिलं होतं, की आजच्या विशेष भागात सासू नंदाला अखेर ते वाक्य म्हणते. पान जायला पंधरा मिनिटं होती. मंगळवारच्या अंकात पंधराव्या ओळीत छापलं गेलं: 'नाव: घेतलं.'

ती ओळ मी लिहिली.

प्रत्यक्ष भागात ते वाक्य नव्हतं. वाहिनीने ऐन वेळी प्रसंग बदलला होता. मंगळवारी दुपारी आपा कामावर आल्या आणि पर्स ठेवायच्या आत मुदखेडचा फोन वाजला.

"आपा, कोण म्हणलं घेतलं म्हणून? मी डोळ्यानं बघितलं. सासू तोंड उघडती, तेवढ्यात कुकरची शिट्टी होती. घेतलं न्हाई!"

आपांनी फोन ठेवला. मंगळवारचा अंक काढला. मग माझ्याकडे पाहिलं. "कुणी बघितलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "सारांश आला होता."

त्यांनी अंकाची घडी घातली. साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"दुरुस्ती छापायची हाय."

"कशाची?"

"पंधराव्या ओळीची."

साहेब हसले. "आपा, आमदाराचं नाव चुकलं तेव्हा आपण तीन दिवस दुरुस्ती छापली नाही. सिरियलची छापायची?"

"हाव."

"लोक हसतील."

"हसू द्या. जळकोटला एक म्हातारा माणूस उद्या सकाळी तूर काढायला जाईल."

साहेबांना ही पैज माहीत नव्हती. ती सांगून होईपर्यंत सहा वाजले. साहेब म्हणाले, "उद्या बघू." आपा आपल्या जागी आल्या, कळफलकावर रुमाल पसरला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. बाजारभाव पडून होते. निधनवार्ता पडून होत्या. पान लावणारं दुसरं कुणी नव्हतं. साडेसातला साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, "छापा."

आपांनी रुमाल उचलला. मजकूर असा होता: 'कालच्या अंकात या ठिकाणी नाव घेतलं गेल्याचं छापलं होतं. नाव घेतलं गेलेलं नाही. लिहिणाऱ्याने भाग पाहिला नव्हता.' लिहिणारा कोण, ते त्यात नव्हतं.

जळकोटकडे अंक साडेदहाच्या एसटीने पोचत. तूर काढणारा माणूस सातला शेतात जातो. हे आपांना माहीत होतं. बुधवारी सकाळी त्या पहिल्या गाडीने निघाल्या. मी बसस्थानकावर गेलो आणि त्याच गाडीत बसलो. त्यांनी मला बोलावलं नव्हतं, जाऊ नका असंही म्हणाल्या नाहीत. गाडी वाटेत पंक्चर झाली. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते.

गणपतराव धाकट्याच्या शेतात होते. तुरीचे सहा तास, म्हणजे ओळी, काढून झाले होते, सातव्यात ते वाकले होते. धाकटा माधव बांधावर, बाभळीखाली, पाण्याचा तांब्या घेऊन बसला होता. दोघांत दहा पावलांचं अंतर.

"मामा, हात थांबवा," आपा म्हणाल्या. "नाव घेतलं न्हाई."

गणपतराव सरळ उभे राहिले. त्याला थोडा वेळ लागला. "कालच्या पेपरात तर घेतलं म्हणलात."

"ते चुकलं."

"तुम्ही चुकलात?"

मी आपांच्या मागे उभा होतो.

"पेपर चुकला," आपा म्हणाल्या. मी लिहिलं होतं, असं मी म्हणालो नाही.

गणपतरावांनी विळा कमरेला खोचला. "आपा, त्याला सांगा, अर्धा दिवस माझा गेला. तो भरून द्यावा."

आपा वळल्या आणि दहा पावलांवरच्या माधवला म्हणाल्या, "ते म्हणतात, अर्धा दिवस माझा गेला, तो भरून द्यावा."

माधवला ते आधीच ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "आपा, त्यास्नी म्हणावं, मी काय बोलावलं नव्हतं. सकाळी उठून बघतो तर शेतात कोन? मला वाटलं डुक्कर शिरलं."

आपांनी तेही जसंच्या तसं सांगितलं. डुकरासकट.

"त्याला विचारा, डुकरानं एवढी साफ काढणी कवा केली हुती?"

"ते विचारतात—"

"ऐकलं," माधव म्हणाला. त्याने तांब्या खाली ठेवला. "त्यास्नी म्हणावं, उद्या मी तिकडं येतो. दिवसाला दिवस. फिट्टमफाट."

"ते म्हणतात, उद्या मी तिकडं येतो. दिवसाला दिवस. फिट्टमफाट."

गणपतराव पुन्हा वाकले. "मग अर्धा कशाला सोडू? पुरा दिवस करतो. त्याला सांगा, तांब्या तिथंच ठिवून जाऊ नगं, पानी गरम हुतंय."

हा निरोप पोचवण्याआधीच माधव उठला होता.

निघताना गणपतरावांनी एक अट घातली. आता पेपरचं चालायचं नाही. पेपर कुणीही लिहितं. आपांनी स्वतःच्या डोळ्याने बघितलं आणि सांगितलं, तरच पैज सुटेल. आपांनी हा ठराव माधवला ऐकवला. त्याने मान हलवली. परतीच्या गाडीत आपांनी मला बडीशेप दिली. त्या विषयावर पुढे कधी आमचं बोलणं झालं नाही.

मालिका त्यानंतर पावणेदोन वर्षं चालली. शेवटचा भाग एका शुक्रवारी होता. भारनियमन तोवर कमी झालं होतं, लोकांच्या हातात मोबाइल आले होते, आणि मालिकेबरोबर स्तंभही बंद करायचं साहेबांनी ठरवलं होतं. त्या संध्याकाळी कार्यालयातले सगळे कपाटासमोर उभे होते. आपांच्या अकरा ओळी झाल्या होत्या. सात वाजून चोवीस मिनिटांनी वीज गेली.

सात चाळीसला मुदखेडचा फोन आला. आपांनी ऐकून घेतलं. "हाव. बरं झालं. तुमचे लई उपकार, ताई." फोन ठेवला आणि टाईप केलं: 'शेवटची सहा मिनिटं पाहिली नाहीत. लातुरात वीज नव्हती. नाव: माहीत नाही.'

"आपा!" साहेब म्हणाले. "त्या बाईनं सांगितलं ना आत्ता?"

"सांगितलं."

"मग शेवटच्या दिवशी तरी लिहा की!"

"त्यांनी पाहिलं, साहेब. मी न्हाई."

स्तंभाची शेवटची ओळ ती तशी छापली गेली. आपांनी ते पान फायलीत लावलं.

स्तंभ बंद झाल्यावर आपांनी आणखी सहा वर्षं पान लावलं आणि निवृत्त होऊन उदगीरला गेल्या. भावाचं घर किल्ल्याच्या वाटेवर आहे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. फाईल त्यांनी सोबत नेली. कार्यालयाला ती नको होती. शेवटचा भाग आता कुणालाही, कधीही, मोबाइलवर पाहता येत होता. आपांनी तो पाहिला नाही. मी कामानिमित्त उदगीरला गेलो की त्यांच्याकडे जाई. एकदा मी विचारलं, का पाहिला नाही?

त्यांनी डबी उघडली. "संक्रांतीला फोन येतो दोघांचा. आधी थोरल्यांचा. 'बघितलं का?' न्हाई म्हणलं की म्हणतात, बरं. मग पाच मिनिटांनी धाकट्यांचा. 'बघितलं का?' न्हाई. 'बरं.' दरवर्षी त्याच दिवशी. त्याच वेळेला." डबी मिटली. "पाच मिनिटांचंच अंतर कसं पडतंय, भाऊ?"

मी म्हणालो, गावातल्या कुणी त्यांना सांगितलंच असेल.

"तिघांनी सांगितलं घेतलं, दोघांनी सांगितलं न्हाई. थोरले म्हणतात, आम्ही बघून काय उपयोग, आम्ही तर पार्टी."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आपांनी मला फोन करून बोलावलं. आवाजात फरक नव्हता. घरी गेल्यावर फरक दिसला. त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या, पायांवर सूज होती. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी मला डॉक्टरांच्याच शब्दांत सांगितलं. 'फार फार तर' हे शब्द वगळले नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्यामागं दोघांना कोण सांगंल? पैज तशीच राहील. ते बरं न्हाई."

भाची सना समोर बसली होती, साखरपुडा झालेलीची धाकटी बहीण. तिने मोबाइलवर शेवटचा भाग काढला. आपांनी पहिली चोवीस मिनिटं पुढे ढकलायला सांगितली. "ती पाहिलीत." कानात इयरफोन घातले. मी पलंगाच्या पायथ्याशी होतो. मला पडदा दिसत नव्हता, आवाज येत नव्हता. सहा मिनिटं त्या पाहत होत्या. चेहऱ्यावर काही हललं नाही. एकदा त्यांची उजव्या हाताची बोटं रजईवर चालली, टाईप करताना चालतात तशी.

इयरफोन काढून त्यांनी फाईल मागितली. शेवटच्या पानावर, छापील ओळीच्या खाली, बॉलपेनने काहीतरी लिहिलं. तारीख घातली.

"आता फोन लाव," त्या सनाला म्हणाल्या. "दोघांना एकदम. वेगवेगळं न्हाई."

सनाने दोघांना एका फोनवर घेतलं आणि स्पीकर सुरू केला.

"मामा, हाय का?"

"हाव. संक्रांत लांब हाय की, आपा."

"धाकटे मामा?"

"हाय."

"थोरले मामा पण हायत लाईनवर."

कुठेतरी मोटार चालू होती.

"मी बघितलं," आपा म्हणाल्या. "नाव घेतलं."

मोटारीचा आवाज तसाच होता. मग गणपतराव म्हणाले, "कोन कुनाला म्हनलं?"

"सासू नंदाला. सासू तीर्थाला निघाली. हातात पिशवी. उंबऱ्यावर थांबली आन् म्हणाली."

"म्हंजी नंदा आत हाय."

"हाव. आत हाय."

"बरं झालं," गणपतराव म्हणाले. "हरलो मी."

"आपा, त्यास्नी म्हणावं—" माधवने सुरुवात केली आणि थांबला. मग त्याचा आवाज बदलला. "दादा, तूर जानेवारीत येती. गुडघा कसा हाय तुझा?"

हे वाक्य आपांमार्फत गेलं नाही.

"गुडघ्याचं काय, वाकतोय," गणपतराव म्हणाले. "तू पानी आन म्हंजी झालं."

आपांनी सनाला खूण केली. सनाने आपला फोन कापला नाही, पलंगावर पालथा ठेवला. त्या दोघांचं पुढे चालू होतं. आपांनी उशाखालून रुमाल काढला, फायलीवर पसरला आणि कडा सरळ केल्या. मला म्हणाल्या, चहा घेऊनच जा. मी घेतला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

त्या गेल्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांच्या भावाने फाईल माझ्याकडे दिली. शेवटच्या पानावर 'नाव: माहीत नाही' या छापील ओळीखाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'घेतलं. स्वतः पाहिलं.'

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गणपतरावांनी धाकट्या भावाच्या शेतात एक दिवस तूर काढली. मी ते पाहिलेलं नाही. माधवने फोनवर सांगितलं. गणपतरावांनी त्याच फोनवर दुजोरा दिला.